परदेशातील रहिवास कसा टिकवावा: सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी

परदेशातील नोकरीचे पत्र आले आणि पासपोर्टवर व्हिसा चिकटून परत आला, की घरात पेढे वाटले जातात आणि कागदांची दगदग आता संपली असे सगळ्यांना वाटते. वास्तविक त्या दिवशी दगदगीचा पहिला आणि त्यातल्या त्यात सोपा भाग संपलेला असतो. मी नऊ वर्षे जर्मनीत राहून सोलापुरात परतले, आणि तेव्हापासून नात्यातल्या व ओळखीच्या मुलामुलींचे कागद ती निघण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालत आले आहे. ज्यांचा परवाना पुढे अडचणीत आला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी कोणताही कायदा मुद्दाम मोडला नव्हता. कुणाच्या आईचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचे होते, कुणी पासपोर्टची मुदत पाहिली नव्हती, तर कुणी वडिलांच्या आजारपणात घरी राहताना दिवस मोजले नव्हते. म्हणून व्हिसा कसा मिळवावा यापेक्षा मिळालेला रहिवास हातून कसा जाऊ देऊ नये, यावर मी येथे अधिक लिहिणार आहे.

व्हिसा ही त्या देशाच्या दारातून आत जाण्याची परवानगी असते. आत गेल्यावर किती काळ आणि कोणत्या कामासाठी राहता येईल, हे बहुतेक देशांत दुसऱ्याच नोंदीवरून ठरते. जर्मनीत राष्ट्रीय व्हिसावर उतरल्यानंतर घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. त्यानंतर व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परकीय नागरिकांच्या कार्यालयातून रहिवास परवान्याचे कार्ड घ्यायचे असते. संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश परवाना, वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स आयडी हे तेथील ओळखपत्र असा क्रम असतो. जपानमध्ये घर ठरल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. ब्रिटनमध्ये तर प्लास्टिकचे परवाना कार्ड २०२४ च्या अखेरीस कालबाह्य झाले असून आता सर्व नोंद ऑनलाइन ई-व्हिसात असते. पासपोर्ट नवा केल्यावर त्याचा क्रमांक त्या खात्यात स्वतः बदलावा लागतो. आपल्या देशासाठी हा दुसरा कागद कोणता आणि त्याची मुदत कधी संपते, हे विमानात बसण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावे.

नाव आणि गाव

सोलापूरच्या माणसाच्या कागदांत हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अधिक उद्भवतो, आणि त्याचे कारण आपल्या शहराच्या श्रीमंतीतच आहे. येथे मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांतली नावे एका गल्लीत नांदतात. तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर लिहिण्याची पद्धत आहे, पुष्कळदा घराण्याच्या नावाचे केवळ आद्याक्षर लिहिले जाते. कन्नड घरांतील ‘अप्पा’ आणि ‘य्या’ ही अंत्याक्षरे शाळेतील मास्तरांनी रोमन लिपीत एका प्रकारे लिहिली असतात, तर आधार केंद्रावरच्या मुलाने दुसऱ्या प्रकारे. देवनागरीत वाचताना आपल्याला त्यात काहीच वावगे दिसत नाही. मात्र ज्या अधिकाऱ्याला तिन्हींपैकी एकही भाषा येत नाही, त्याच्या दृष्टीने एक अक्षर वेगळे म्हणजे माणूस वेगळा.

गावाच्या नावाचेही तसेच आहे. इंग्रजी अमदानीत रोमन लिपीत आपल्या शहराचे नाव ‘एस’ पुढे ‘एच’ घालून, म्हणजे शोलापूर असे लिहिले जाई, आणि ते वळण अनेक जुन्या कागदांवर पुढेही टिकून राहिले. वडिलांच्या जन्मदाखल्यावर ‘एच’ असेल आणि पासपोर्टवर नसेल, तर ही दोन नावे एकाच शहराची आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून सोबत ठेवावे. गोष्ट क्षुल्लक वाटते, तरीही आई-वडिलांसाठी किंवा नागरिकत्वासाठी अर्ज करताना तिच्यावर बोट ठेवले जाऊ शकते.

मुलींच्या बाबतीत मला सर्वांत कळकळीने सांगावेसे वाटते. लग्नानंतर पतीचे नाव व आडनाव लावण्याची, आणि काही घरांत स्वतःचे नावही बदलण्याची, आपली जुनी रीत आहे. कायद्याने मात्र लग्नामुळे नाव बदलणे बंधनकारक नाही. ज्या मुलीची पदवी, अनुभवाचे दाखले आणि पासपोर्ट एकाच माहेरच्या नावावर आहेत, तिने परदेशी जाण्याच्या वेळी केवळ रीत म्हणून नाव बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी बदलले होते. पदवीवरील मुलगी आणि पासपोर्टवरील बाई एकच आहे हे तेथील एका कार्यालयाला पटवून देण्यात माझे दोन महिने गेले, आणि तोवर मिळालेली नोकरी सुरू करता आली नाही. ज्यांनी नाव बदलले आहे त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर लग्नापूर्वीचे पूर्ण नाव आहे ना, हे पाहावे, आणि स्वतःचे पहिले नावही बदलले असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तशी नोंद प्रसिद्ध करून तिची प्रत जपून ठेवावी. लग्न होऊन वीस वर्षे झाली असली आणि नोंदणी केलेली नसली, तरी ती उशिरा का होईना करता येते. पत्रिका आणि मंगल कार्यालयाची पावती यांवर परदेशी कार्यालयाचे समाधान होत नाही.

पासपोर्टवर नावाचे दोनच रकाने असतात. आपल्याकडे पहिल्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव, तर दुसऱ्यात आडनाव लिहितात. त्यामुळे परदेशात वडिलांचे नाव हे आपलेच दुसरे नाव समजले जाते. त्यात दुरुस्ती करण्याच्या भानगडीत न पडता बँक, विमा, घरभाड्याचा करार आणि दारावरची पाटी सर्वत्र पासपोर्टप्रमाणेच नाव द्यावे. आडनावाचा रकाना रिकामा ठेवलेला पासपोर्ट मात्र निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा, कारण अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच नावाच्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देणे थांबवलेले आहे.

जन्मदाखला ज्या ठिकाणी जन्म झाला तेथून मिळतो, राहत्या घराच्या ठिकाणाहून मिळत नाही. मंगळवेढ्याच्या किंवा मोहोळच्या कुटुंबातील मूल सोलापुरातील दवाखान्यात जन्मले असेल, तर दाखला सोलापूर महानगरपालिकेकडून घ्यावा लागेल. हाताने लिहिलेला, केवळ मराठीतील, किंवा बाळाच्या नावाची जागा रिकामी असलेला जुना दाखला उपयोगी पडत नाही. नावाची नोंद करून मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील छापील दाखल्याच्या निदान तीन मूळ प्रती घ्याव्यात.

पदवी आणि साक्षांकन

सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले आणि २०१९ मध्ये त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. साहजिकच सोलापुरात शिकलेल्या तीन पिढ्यांच्या पदव्यांवर विद्यापीठाची तीन नावे दिसतात. वैद्यकीय शाखेच्या पदव्यांवर १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे नाव येऊ लागले. महाविद्यालय कोठे होते याला पडताळणीत महत्त्व नसते, पदवी कोणी दिली याला असते, म्हणून अर्जात विद्यापीठाचे नाव पदवीपत्रावर छापले आहे तसेच लिहावे. जर्मनीसाठी अनाबिन या शासकीय माहितीसंग्रहात आपले विद्यापीठ जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी शोधावे. पदवी तेथे न सापडल्यास जर्मनीच्या झेडएबी या कार्यालयाकडून तुल्यतेचे प्रमाणपत्र मागवावे लागते, आणि त्याला वेळ लागतो हे धरून चालावे.

पदवीपत्राला लॅमिनेशन करू नये, आणि केले असल्यास विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढावी, कारण साक्षांकनाचा शिक्का कागदावर उमटवावा लागतो.

साक्षांकनाची वाट देशानुसार बदलते आणि येथे मध्यस्थांकडून पुष्कळ पैसे उकळले जातात. अपोस्टिल म्हणजे करारातील इतर देशांनी कागद खरा मानावा म्हणून लावला जाणारा एकच शिक्का, आणि हा अपोस्टिल करार भारताला २००५ पासून लागू आहे. ज्या देशांत तो चालतो त्यांच्यासाठी आधी राज्य शासनाच्या संबंधित विभागाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, एवढ्यावर काम होते. जानेवारी २०२४ पासून कॅनडाही या करारात आलेला आहे. संयुक्त अरब अमिराती या करारात नसल्याने तेथे परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचे आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचे, अशी पुढची दोन साक्षांकने लागतात. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला असल्याने त्या दोन देशांत हा करार चालत नाही, आणि भारतीय जन्मदाखला किंवा विवाह प्रमाणपत्र यांची गरज पडल्यास स्थानिक पातळीवर पडताळणी होते. तेव्हा जर्मनीसाठी म्हणून कोणी सरसकट अपोस्टिलचे पैसे मागत असेल, तर संबंधित कार्यालयाने ते लेखी मागितले आहे का, हे आधी विचारावे.

दिवसांचा हिशेब

परवान्यावर छापलेली मुदत आणि परवाना प्रत्यक्षात जिवंत राहण्याची अट या वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डावर २०२८ साल छापलेले असले, तरी देशाबाहेर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास ते कार्ड आपोआप निकामी होऊ शकते. जर्मनीत साधा रहिवास परवाना सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास संपुष्टात येतो. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना, आणि ते असणाऱ्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ही मर्यादा बारा महिने आहे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. तात्पुरत्या स्वरूपाचे नसलेले कारण घेऊन देश सोडला, म्हणजे घर रिकामे केले, नोकरी सोडली आणि पत्त्याची नोंद रद्द केली, तर सहा महिने भरण्याची वाटही पाहिली जात नाही. आई-वडिलांच्या आजारपणासाठी दीर्घ काळ यावे लागत असेल, तर निघण्यापूर्वीच कार्यालयाकडे लेखी अर्ज करून मोठी मुदत मागता येते. हा अर्ज सोलापुरात येऊन बसल्यावर करण्यात अर्थ नसतो.

अमिरातीत १८० दिवसांचा नियम असून गोल्डन व्हिसा हा दीर्घ मुदतीचा परवाना असलेल्यांना त्यातून सूट आहे. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्यासाठी अर्ज करताना कोणत्याही सलग बारा महिन्यांत १८० पेक्षा अधिक दिवस बाहेर राहिलेले चालत नाही, आणि हे बारा महिने जानेवारी ते डिसेंबर असे धरले जात नाहीत. ते पुढे सरकत राहतात. कॅनडाच्या कायम रहिवाशाला दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस प्रत्यक्ष तेथे राहावे लागते. गड्ड्याच्या यात्रेला यायचे, मे महिन्यात भावाच्या लग्नाला यायचे आणि मग दिवाळीही घरी करायची, असे तीन मुक्काम झाले की दिवस किती भरले हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. एका वहीत प्रत्येक जाण्या-येण्याची तारीख आणि विमानाचा क्रमांक लिहावा, आणि बोर्डिंग पास टाकून देऊ नयेत. नागरिकत्वाच्या अर्जात हीच यादी मागितली जाते.

मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी करावा, हे सांगण्याची गरज वाटू नये, पण जर्मनीत त्या ‘पूर्वी’ला कायदेशीर वजन आहे. मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असे धरले जाते आणि तसे एक पत्र मिळते, ज्याला फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग म्हणतात. त्या पत्रावर कोणत्या परिच्छेदाखाली ते दिले आहे याची खूण असते. जर्मन रहिवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या परिच्छेदाखालील पत्रावर भारतात येऊन परत जाता येते, तिसऱ्या परिच्छेदाखालील पत्रावर परतीचा प्रवेश मिळत नाही. हा फरक न पाहता तिकीट काढू नये. भेटीची वेळ चार महिन्यांनंतरची मिळत असेल, तरी अर्ज ऑनलाइन किंवा टपालाने आधीच पाठवावा आणि पोहोच सांभाळून ठेवावी.

पासपोर्टची मुदत हा याच हिशेबाचा भाग आहे. अनेक देश रहिवासाचा परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी नोंदवली जाणारी आय-९४ ची तारीखसुद्धा, म्हणजे तेथे कधीपर्यंत राहता येईल ती तारीख, पासपोर्ट लवकर संपणार असेल तर अलीकडे ओढली जाते, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी तीन वर्षांची असतानाही माणूस नकळत बेकायदा ठरतो. विमानतळाबाहेर पडल्यावर त्याच दिवशी ही तारीख संकेतस्थळावर पाहावी. आपला पासपोर्ट मुदत संपण्याच्या वर्षभर आधी नवा करता येतो. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत साधारणपणे पाच वर्षांचीच असते, आणि घरातील मोठ्यांच्या तारखा सांभाळताना नेमकी तीच विसरली जाते.

नोकरी सुटल्यास गप्प बसून दुसरी शोधणे हा आपला स्वभाव आहे, कारण घरी कळले तर काळजी करतील. परदेशातील कार्यालयापासून ते लपवणे मात्र महाग पडते. जर्मनीत नोकरी मुदतीपूर्वी संपल्याचे कळल्यापासून दोन आठवड्यांत कर्मचाऱ्याने स्वतः कार्यालयाला कळवायचे असते, आणि ब्लू कार्डच्या पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलतानाही कळवावे लागते. अमेरिकेत एच-१बी धारकाला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते.

आखाती देशांसाठी

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर देशांतर तपासणी आवश्यक असल्याची नोंद येते आणि अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी देशांतर संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. दहावीचे गुणपत्रक पासपोर्टच्या अर्जासोबत न जोडल्यामुळे ही नोंद आली असेल, तर ती काढून घेता येते. मंजुरी ज्यांना लागते त्यांनी तिला अडथळा समजू नये. तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाख रुपयांचे संरक्षण येते आणि नोकरीचा करार शासकीय नोंदीत राहतो. नोकरी लावून देणाऱ्या एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पडताळावा. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील कर यांपेक्षा अधिक घेण्याची मुभा नाही.

भेटीच्या व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. त्या व्हिसावर काम करणे गुन्हा आहे, पगार बुडाला तर दाद मागण्यास कागद नसतो, आणि मुदत उलटल्यावर अमिरातीत दिवसाला पन्नास दिरहम दंड चढत जातो. तेथे खासगी नोकरीचा रहिवास साधारणपणे दोन वर्षांचा असतो, म्हणजे पहिल्या करारातच पुढच्या नूतनीकरणाचा खर्च कोण देणार हे लिहिलेले असले पाहिजे. कामगाराचा पासपोर्ट नोकरी देणाऱ्या मालकाने स्वतःजवळ ठेवणे तेथील कामगार कायद्याला धरून नाही.

मागे राहिलेले सोलापूर

कायम वास्तव्याचे नियम सध्या वेगाने बदलत आहेत. जर्मनीत ब्लू कार्डधारकाला प्राथमिक जर्मन येत असल्यास २७ महिन्यांनी आणि बी-१ ही मध्यम पातळीची जर्मन येत असल्यास २१ महिन्यांनी कायम परवाना मागता येतो. या एका कारणासाठीही भाषा मनापासून शिकावी. याउलट ब्रिटनने मे २०२५ मध्ये पाच वर्षांचा कालावधी दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. ज्या दिवशी अर्जास पात्र व्हाल त्याच आठवड्यात अर्ज करावा, पुढच्या सुटीवर ढकलू नये.

जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वास मुभा दिल्यावर अनेकांचा असा समज झाला की आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील. भारताचा १९५५ चा नागरिकत्व कायदा ती मुभा देत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते, पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि त्यानंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी अर्ज करता येतो. ते कार्ड येथे राहण्याची व नोकरीची मोकळीक देते, मतदानाचा हक्क देत नाही.

शेतजमिनीबद्दल तर नागरिकत्व न सोडलेल्यांनीही सावध राहावे. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्राने घेता येत नाही; वारशाने मात्र मिळू शकते. बार्शीकडे किंवा पंढरपूरकडे मुलाच्या नावे ऊस-डाळिंबाचे रान घेऊन ठेवण्याचा विचार असलेल्या वडिलांनी व्यवहाराआधी वकिलाला विचारावे. बँकेतील साधे बचत खातेही अनिवासी खात्यात बदलावे लागते, आणि हे काम शाखेत समक्ष जाऊन उरकल्याशिवाय निघू नये.

परदेशात मूल जन्मल्यास त्याचे भारतीय नागरिकत्व राखण्यासाठी एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आई-वडिलांना जाहीर करावे लागते. तेथील जन्मनोंदणी कार्यालयात मात्र त्याहूनही आधी, दवाखान्यात असतानाच, बाळाचे नाव विचारले जाते. वडिलांचे नाव मधे घालायचे की नाही, आणि रोमन अक्षरांत ते नेमके कसे लिहायचे, हे आजी-आजोबांशी फोनवर बोलून प्रसूतीच्या तारखेआधीच कागदावर लिहून ठेवावे, आणि ते आई-वडिलांच्या पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे.